अनुभव धागा : वाट पाहून घेतलेला गेम आणि झालेला हिरमोड

गिरगाव_मेडिक
काल भाचा बॅटलफिल्ड ६ हा लढाईचा ऑनलाइन गेम खेळत होता. पडलेल्या गड्याला त्याने उठवलं आणि मला त्याच मालिकेतला बॅटलफिल्ड २०४२ आठवला. नोव्हेंबर २०२१. दादरच्या सायबर कॅफेत बॅटलफिल्ड १९४२ या पहिल्या गेमपासून एकत्र खेळलेली आम्ही पोरं तोवर पांगलेली, एक पनवेलला, एक पुण्यात, एक दुबईत. पुन्हा जमायचं म्हणून सगळ्यांनी आगाऊ पैसे भरले. आणि गेममध्ये व्हॉइस चॅटच नाही! असॉल्ट, इंजिनियर, सपोर्ट, रेकॉन हे क्लास, म्हणजे ठरलेल्या कामाचे सैनिक, काढून स्पेशालिस्ट नावाची पात्रं आणलेली. कोणीही कुठलीही बंदूक घ्यायची, कोणाकडे औषधाची पेटी आहे हे बघून कळायचं नाही, समोरचा आपला की त्यांचा तेही नाही. मी कायम मेडिक, म्हणजे पडलेल्यांना उठवणारा. मैदानात १२८ जण आणि माझी कोणाला गरजच नाही, हे फार लागलं मनाला. तुम्हीही लिहा, याच गेमचं पाहिजे असं नाही.

ठाणे_स्लो
स्कोअरबोर्ड!!! कोण किती वेळा मेलं हेच दाखवत नव्हते. नीट स्कोअरबोर्ड २०२२ उजाडल्यावर आला. आणि तो आवरग्लास मॅप (खेळायचं मैदान), वाळूत नुसतं पळत सुटायचं, काबीज करायचा झेंडा दिसायला लागला की मागून कोणीतरी टिपणार. कुर्ला आलं, बाकी नंतर लिहिते

रात्रपाळी
+१ आवरग्लास

रे_रोड
मला मात्र एक गोष्ट मिळाली त्या गेममधून. डिस्कार्डेड मॅप अलंगचा आहे, गुजरातेत जहाजं तोडतात तिथला. माझे बाबा इथे मुंबईत, रे रोडच्या दारूखाना भागात जहाजं तोडायच्या कामावर होते. त्यांना बोलावून दाखवला. आधी म्हणाले, एवढं मोठं जहाज उभं आणि गॅसकटरवाला एक नाही? मग खुर्ची ओढून बसले. भरतीला जहाज किनाऱ्यावर कसं चढवतात, ओहोटीला कापायला कसं घेतात, सगळं सांगितलं. एरवी कामाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मी खेळायचं सोडून ऐकत बसलो, दोनदा मेलो.

ठाणे_स्लो
@रे_रोड किती छान. त्यांना विचारून अजून लिहा ना

रे_रोड
विचारतो ताई. १९८३ ला अलंग सुरू झालं, मग मोठी जहाजं तिकडेच जायला लागली, असं म्हणतात ते. आत्ता झोपलेत.

जुना_खेळिया
थोडं उलट बोलतो. बॅटलफिल्ड ४ पण २०१३ ला असाच मोडकातोडका आला होता, पुढे किती चांगला झाला. २०४२ मध्ये पण २०२३ ला क्लास परत आणले. आणि पोर्टल या त्यातल्या भागात जुन्या बॅटलफिल्डचे मॅप, कॅस्पियन बॉर्डर, अरिका हार्बर होते! आम्ही तेवढ्यासाठी ठेवला होता.

गिरगाव_मेडिक
@जुना_खेळिया दादा, आणले हो. पण तोवर आमची पोरं गेली ना. दुबईवाल्याने परत उघडलाच नाही. गेम वर्षभराने सुधारतो, पण रात्री अकराला सगळ्यांना मोकळा वेळ मिळणं पुन्हा जमत नाही.

रात्रपाळी
खरंय. आमच्यात एकाचं लग्न झालं, एक शिफ्टला. तुम्ही भाच्याबरोबर खेळा की, त्याला मेडिक लागेलच

गिरगाव_मेडिक
रविवारी बसणार आहोत

वडाळा_वायफाय
माझ्या मशीनवर २०४२ चाललाच नाही. तेव्हा ग्राफिक्स कार्डांचे भाव काय होते! लॅमिंग्टन रोडला दुकानदार आकडा सांगताना स्वतःच हळहळत होता. आता जुनं कार्ड घ्यावं का कोणाकडून?

जुना_खेळिया
बिल आणि उरलेली वॉरंटी बघ. क्रिप्टो मायनिंगला (बिटकॉइनसारखी नाणी मिळवायला) वापरलेलं नको. दुकानातच लावून अर्धा तास गेम चालवून बघ, त्याशिवाय पैसे देऊ नकोस.

वडाळा_वायफाय
शनिवारी जातोय. येता का कोणी? मला त्यातलं कळत नाही

रात्रपाळी
सकाळी असेल तर येतो, पाळी संपवून थेट ग्रँट रोडला उतरतो