मदत हवी आहे: मिक्श्चर स्क्रू पूर्ण आवळले तरी इंजिन चालूच राहतं

जुनापिकअप

नमस्कार मंडळी. जुन्या गाड्यांत हात काळे करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

गाडी १९७१ ची फोर्ड एफ-१०० पिकअप. इंजिन ३६० क्यूबिक इंचाचं व्ही-एट, म्हणजे ५.९ लिटर, त्यावर दोन बॅरलचा ऑटोलाइट २१०० कार्ब्युरेटर. गाडी बरीच वर्षं नुसती उभी होती. टाकी धुतली, पेट्रोलचे पाइप आणि फिल्टर नवे टाकले, कार्ब पूर्ण उघडून साफ केला आणि किट बसवलं. नीडल-सीट (कार्बमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी सुई), पॉवर व्हॉल्व्ह, रेस देताच जादा पेट्रोल मारणाऱ्या पंपाचा डायफ्राम, सगळी गॅस्केटं नवी. जेट जुनेच आहेत, भोकांत तार घातलेली नाही, फक्त क्लीनर आणि कंप्रेसरची हवा. फ्लोट, म्हणजे कार्बच्या पेट्रोलच्या वाटीत (बोल) तरंगणारा डबा, पितळी आहे. गरम पाण्यात बुडवून धरला, एकही बुडबुडा आला नाही.

थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू होतं. गरम झालं की रडगाणं सुरू. आयडल (रेस न देता इंजिन चालणं) डुगडुगतं, सायलेन्सरमधून काळा धूर, आठही प्लगवर कोरडी काजळी. मिक्श्चर स्क्रू, म्हणजे आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारे, एकेक करून पूर्ण आत फिरवले तरी इंजिनाला ढिम्म फरक पडत नाही. गरम गाडी बंद करून लगेच चालू करायची तर पेडल तळाला दाबून सेल्फ मारावा लागतो. आणि उभ्या गाडीत रेस दिली की आधी एक गचका, मग पिकअप.

टायमिंग मॅन्युअलप्रमाणे आहे. फ्युएल पंपाचं प्रेशर ५ पीएसआय. चोकची पाती गरम झाल्यावर सरळ उभी राहते, डोळ्यांनी बघितलं. पुढे कुठे शोधू?

टायमिंगलाइट

कार्बचा म्हणून आलेला निम्मा त्रास डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडतो हे माझं नेहमीचं तुणतुणं. पॉइंटचा गॅप, कंडेन्सर, आणि व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा डायफ्राम फाटलाय का ते बघा. नळी तोंडाने ओढून जीभ लावा, ओढ टिकली तर डायफ्राम ठीक. शिवाय व्हॅक्यूम गेज लावून आकडा इथे टाका. धडधाकट इंजिन आयडलला १७ ते २१ इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर असतो. समुद्रसपाटीपासून उंचावर असाल तर त्याच्या खाली, दर हजार फुटांना साधारण एक इंच.

मधलीसीट

एवढा ताप कशाला? कार्ब काढा, फ्युएल इंजेक्शनचं किट बसवा, विषय संपला.

पाना_बारा

मधलीसीट, प्रत्येक धाग्यावर हाच सल्ला. विचारणाऱ्याला कार्ब दुरुस्त करायचाय. २१०० सारखा साधा, पोराटोरांनी उघडून बसवावा असा कार्ब दुसरा नाही. इंजेक्शन बसवायचं तर हाय प्रेशर पंप, रिटर्न लाइन, वायरिंग, सगळंच आलं.

जुनापिकअप, कुठे हवा ओढली जातेय का बघितलंत? कार्बच्या बुडाचं गॅस्केट, ब्रेक बूस्टर असेल तर त्याची नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत ओढून घेणारी) नळी.

व्हेंच्युरी

हवा ओढली जात असती तर मिश्रण पातळ झालं असतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. प्लग पांढरट दिसले असते, काळा धूर आला नसता. इथे उलटं आहे. पेट्रोल जास्त जातंय, आणि ते मिक्श्चर स्क्रूच्या वाटेने जात नाहीये. स्क्रू बंद केल्यावर इंजिन मरायलाच हवं. मरत नाही म्हणजे त्याला दुसरीकडून खायला मिळतंय. ती दुसरी वाट शोधायची.

वाटा तीन आहेत.

पहिली, थ्रॉटलच्या पात्या आयडललाच जास्त उघड्या असणं. मग ट्रान्स्फरची फट (पात्यांच्या कडेला असलेली, पेट्रोल सोडणारी चीर) उघडी पडते आणि इंजिन तिच्यावर चालतं, स्क्रूंना कोणी विचारत नाही. आयडल स्पीडचा स्क्रू किती आत गेलाय ते बघा. तो सैल केल्यावर इंजिन टिकत नसेल तर हीच भानगड असू शकते.

दुसरी, फ्लोटची लेव्हल चढलेली किंवा नीडल नीट बसत नसलेली. हे वरून दिसतं. एअर क्लिनर काढा, इंजिन आयडलला ठेवा आणि बाजूने टॉर्च मारून घशात बघा. तोंड बरोबर वर नेऊ नका, उलटा भडका आला तर भुवया जातात. मधल्या बूस्टरच्या (घशात मधोमध असलेली, पेट्रोल सोडणारी छोटी नळी) कडेवरून पेट्रोल टपटपत असेल तर लेव्हल.

तिसरी, पॉवर व्हॉल्व्ह. याचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून जरा सविस्तर. तो २१०० मध्ये बोलच्या तळाला खालून आवळलेला असतो, खाली चार स्क्रूंचं छोटं झाकण. आयडलला मॅनिफोल्डचा (कार्बखालून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटांचा) व्हॅक्यूम भरपूर असतो, तो डायफ्राम ओढून व्हॉल्व्ह बंद ठेवतो. चढावर किंवा लोड आला की व्हॅक्यूम पडतो, स्प्रिंगची सरशी होते आणि मेन जेटच्या जोडीला जादा पेट्रोल मिळतं. आता लक्ष द्या. व्हॉल्व्ह नुसता उघडा अडकला तर आयडल फारसं बिघडत नाही, कारण तेव्हा मेन सर्किट चालूच नसतं. पण डायफ्राम फाटला किंवा व्हॉल्व्हच्या खांद्याखालचं गॅस्केट गळालं, तर मॅनिफोल्ड बोलमधलं पेट्रोल थेट ओढून घेतं. ते थ्रॉटलच्या पात्यांच्या खालून जातं, म्हणून वरून टॉर्च मारून काही दिसत नाही. बूस्टर कोरडे आणि धूर काळा, असं असेल तर माझा संशय इथेच.

गचक्याचं वेगळं बघू. दोन दुखणी एकत्र सोडवायला गेलं की दोन्ही चिघळतात.

जुनापिकअप

व्हेंच्युरी ताई, टॉर्च मारून बघितलं. बूस्टर कोरडे ठणठणीत. आयडलचा स्क्रू जेमतेम टेकलेला आहे, म्हणजे पात्याही जास्त उघड्या नाहीत. व्हॅक्यूम १५ आणि काटा सारखा हलतोय. टायमिंगलाइट दादा, अॅडव्हान्सचा डायफ्राम ओढ धरतो, पॉइंटही ठीक.

लेव्हल मी कोरडी, म्हणजे बोल रिकामा असताना, लावली होती. ओली, पेट्रोल भरलेलं असताना, कशी मोजायची?

पाना_बारा

गाडी सपाटीला घ्या. इंजिन गरम करून बंद करा, वरच्या झाकणाचे स्क्रू काढा पण झाकण जागेवरच राहू द्या. पुन्हा चालू करून काही मिनिटं आयडलला सोडा म्हणजे लेव्हल स्थिरावेल. मग झाकण अलगद बाजूला करून गॅस्केट उचला आणि इंजिन चालू असतानाच पट्टीने वरच्या सपाट कडेपासून पेट्रोलपर्यंतचं अंतर घ्या. भिंतीला चिकटून मोजू नका, पेट्रोल कडेला वर चढलेलं असतं. पाव इंच तरी आत घ्या. साधारण पाऊण इंचाच्या आसपास यायला हवं, नेमका आकडा तुमच्या कार्बवरच्या टॅगप्रमाणे मॅन्युअलमध्ये.

गरम इंजिनावर उघडं पेट्रोल असणार आहे. अग्निशामक हाताशी, प्लगच्या वायरी घट्ट, आणि आजूबाजूला विडी-काडीवाला कोणी नको.

जुनापिकअप

ओली लेव्हल मोजली, मॅन्युअलच्या आकड्याशी जुळते. मग कार्ब काढून खालचं झाकण उघडलं. आत पेट्रोल! व्हॉल्व्ह नवाकोरा आहे हो. किटमधलाच खराब निघाला म्हणायचा का?

व्हेंच्युरी

थांबा, लगेच त्याला दोष देऊ नका. झाकणात थोडं पेट्रोल सापडणं हा पुरावा नव्हे. चालत्या गाडीत पेडल सोडलं की पेट्रोलची वाफ व्हॅक्यूमच्या बाजूला ओढली जाते आणि तिथे थंड होऊन साचते. फोर्डच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येही हे स्पष्ट लिहिलंय. नुसता ओलावा की झाकण भरलेलं, हे महत्त्वाचं.

हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर दोन चाचण्या करा. व्हॉल्व्ह बाहेर काढून फक्त त्याच्या डायफ्रामला ओढ द्या. मग व्हॉल्व्ह जागेवर आवळून, बोल रिकामा ठेवून, कार्बच्या बुडाला व्हॅक्यूमचं जे भोक आहे तिथून ओढ द्या. पहिली टिकली आणि दुसरी नाही टिकली, तर व्हॉल्व्ह चांगला आणि बसण्याची जागा खराब.

जुनापिकअप

अगदी तसंच निघालं. सुट्या व्हॉल्व्हने ओढ धरून ठेवली. बसवल्यावर गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली.

भिंग घेऊन बघितलं तर गॅस्केट बसतं त्या गोल कडेवर एका बाजूला खड्डे आहेत, टाचणीच्या टोकाएवढे, तीन-चार एका रांगेत. साफ करताना तिथे पांढरी पूड होती, ती निघाली आणि खाली हे राहिले. गाडी उभी असताना बोलच्या तळाला पाणी साचलं असणार. घासू का? किती घासायचं?

पाना_बारा

जस्ताची ओतीव वस्तू आहे, मऊ असते, हळू घ्या. व्हॉल्व्हच्या भोकापेक्षा रुंद, सपाट तोंडाचा लाकडी दांडा घ्या, टोकाला ६०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि हाताने, ड्रिल न लावता, फिरवा. दांडा मध्यभागी आणि काटकोनात राहील असं बघा, नाहीतर कड तिरकी होईल. खड्डे पूर्ण जायची गरज नाही. आतून बाहेर सलग वाट उरली नाही की पुरे. मग गॅस्केट नवंच, दाबलेलं पुन्हा वापरू नका. किटमध्ये कधी कधी दोन-तीन प्रकारची येतात. तुमच्या व्हॉल्व्हच्या मानेवर घट्ट बसतं आणि एका बाजूला सरकत नाही तेच घ्या.

व्हेंच्युरी

कार्ब बाहेर आहेच तर कार्बमधल्या पंपाचंही उरका. पंपाच्या खोलीत छत्रीसारखा रबरी व्हॉल्व्ह असतो. त्याची शेपटी बोलच्या बाजूने ओढून तो बसवायचा आणि उरलेली शेपटी कापायची. तो कापलेला तुकडा बोलमध्ये राहिला तर कुठेतरी जाऊन अडकतो, बाहेर काढलात ना? आणि बूस्टरच्या मधला स्क्रू काढल्यावर खाली चेक बॉल असतो. कार्ब उलटा कराल तेव्हा खाली कापड अंथरा, तो घरंगळला की सापडत नाही.

बसवल्यावर इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हाताने ओढा. दोन्ही घशांत दोन सारख्या धारा, हात हलताक्षणी. उशिरा आल्या किंवा एक बारीक असेल तर गचका तिथून.

जुनापिकअप

तुकडा काढला होता, तो डबीत आहे. पण धारांपैकी एक केसासारखी बारीक होती. नॉझलच्या त्या भोकात हिरवट खडा अडकलेला, क्लीनरमध्ये भिजवून उलट्या बाजूने हवा मारल्यावर सुटला.

कड घासून, नवं गॅस्केट टाकून बसवलं. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने दिलेली ओढ आता टिकते. आज गाडीवर चढवला. व्हॅक्यूम १८, काटा शांत. स्क्रू दीड फेरा उघडून सुरुवात केली आणि आता एकेक आत घेतला की इंजिन खरोखर मरायला लागतं, इतका आनंद झाला काय सांगू. धूर नाही. गचकाही गेला, पेडल एकदम दाबलं तर किंचित जाणवतो.

एक उरलंच. गरम गाडी लगेच चालू होते, पण अर्धा तास उभी राहिली की पुन्हा सेल्फ लांबतो. हे वेगळं आहे का?

व्हेंच्युरी

वेगळं आहे. इंजिन बंद झालं की पंख्याची हवा थांबते, खालची उष्णता कार्बमध्ये चढते आणि बोलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. आधी पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या किती जवळून जातेय ते बघून लांब बांधा. तरी राहिलं तर कार्बखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर टाका, फक्त बोनेट बंद होतं ना आणि थ्रॉटलची लिंक पुरतेय ना ते मोजून. उरलेल्या किंचित गचक्यासाठी पंपाच्या लिव्हरला वेगवेगळी भोकं आहेत. लिंक एका भोकाने सरकवून बघा, पण एका वेळी एकच बदल.

टायमिंगलाइट

आणि मिश्रण सुधारलंय तर प्लग काढून साफ करा. काजळीवर ठिणगी घसरते, मग पुन्हा कार्बलाच नावं ठेवाल.

जुनापिकअप

प्लग काढायलाच घेतलेत. नळी एक्झॉस्टला जवळजवळ टेकलेली आहे, आत्ताच बघितलं. ती लांब बांधून बघतो, स्पेसर नंतर.