आईच्या फोनमधली आधीपासूनची ॲप्स कशी काढू?

प्रश्न: आईच्या नव्या अँड्रॉइड फोनमध्ये गेम्स, शॉपिंग, दुसरा ब्राउझर आधीच भरलेलं आहे. ‘अनइन्स्टॉल’चं बटणच नाही. नोटिफिकेशननी ती हैराण झालीय. रूट (फोनच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा घेणं) करायचं नाही.

उत्तर: सेटिंग्जमध्ये जाऊन ‘डिसेबल’ करा. आधी त्या ॲपचे अपडेट्स काढा, तेवढी जागा सुटते. मूळ ॲप सिस्टिम पार्टिशनमध्ये (सिस्टिमसाठी राखून ठेवलेल्या स्टोरेजमध्ये) असतं, ती जागा मिळत नाही.

दुसरं उत्तर: डिसेबल होत नसेल तर संगणकाला जोडून एडीबीने (संगणकावरून फोनला कमांड देण्याचं टूल) त्या यूजरपुरतं काढता येतं, रूट लागत नाही. फॅक्टरी रीसेट केलं की मात्र परत येतं. अनोळखी पॅकेजला (एडीबीत ॲप असं दिसतं) हात लावू नका. लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप) किंवा कीबोर्ड गेला तर आईंचीच पंचाईत.

प्रश्नकर्ता: बहुतेक ॲप्स गेली, आभार! उरलेल्या एकाला एडीबी लावतो. पैसे मोजून घेतलेल्या फोनवर हे का सहन करायचं?