मदत हवी आहे: जर्मन साहेब आणि चिनी पुरवठादार यांच्यात अडकलोय

नमस्कार मंडळी. मी श्टुटगार्टजवळ एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. आमचे सुटे भाग ताइत्सांगहून येतात (शांघायजवळचं शहर, जर्मन कंपन्यांनी गजबजलेलं). साहेब व्हिडिओ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारतात, "उशीर का? चूक कोणाची?" पलीकडे वरिष्ठ बसलेले, त्यामुळे तिथला इंजिनियर चकार शब्द काढत नाही. नंतर वीचॅटवर मला एकट्याला खरं कारण सांगतो. साहेबांना मात्र सगळं लेखी, ईमेलवरच हवं. वरिष्ठांदेखत कोण कबूल करेल हो?

चीनमध्ये काम केलेल्यांनी सांगा: मीटिंगआधी तिथल्या मॅनेजरशी खाजगीत बोलावं का? इंजिनियरला अडचणीत न आणता माहिती पुढे कशी द्यावी?

शिवाय साहेब पुढच्या महिन्यात तिकडे जेवणाला जाताहेत. ते दारू पीत नाहीत. टोस्टला (ग्लास उंचावून शुभेच्छा देताना) दारूऐवजी चहा चालेल ना?