अदृश्य मित्र, स्वतःची गावं: आपापल्या पिल्लांचे अनुभव लिहा

आज थेरपीला थांबले होते, रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली तर एक चिमुरडा ओरडला, "तिथे डुंबू बसलाय!" आई बिचारी ओशाळली. मी पर्स उचलून डुंबूची माफी मागितली. आणि आमच्या लेकाचं टकनगर, त्याच्या मनातलं गाव, आठवलं. लेक ऑटिस्टिक, तेव्हा बोलणं जेमतेम. पण टकनगराला बसमार्ग, वेळापत्रक सगळं होतं. मी केर काढायला लागले की मार्ग क्र. ९ बंद, वहीत तशी नोंद! 'या मुलांना कल्पनाशक्ती नसते' म्हणणाऱ्यांना ती वही दाखवायची राहिलीच. तुमच्याकडे कोण कोण राहायचं?

चिमणीघर: आमच्याकडे काकू. कोणाची ते विचारू नका. लेकीला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ), पसारा कायम काकूच करायची.

पाऊलवाट: मुलीला डाउन सिंड्रोम, आता मोठी आहे. संध्याकाळी दार लोटून दिवसभरातलं भांडण दोन आवाजांत परत करते. एका डॉक्टरांनी थेट 'भास' म्हणून गोळ्या लिहून दिल्या. हादरलोय.

रात्रपाळीवाला बाबा: ताई, दुसरं मत घ्याच. मॅग्वायर आणि शिकॉइन या अमेरिकन तज्ज्ञांनी डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांच्या नोंदी तपासल्या, त्यात ८१ टक्के स्वतःशी बोलणारे निघाले. दिवसाची उजळणी असते ती. सूर अचानक बदलला, स्वतःलाच दूषणं देणं वाढलं, माणसांत येणं तुटलं, तर मात्र दाखवायला हवं.

पाऊलवाट: यातलं काहीच नाही हो. उलट वर्गात काय झालं ते मला तिथूनच कळतं, विचारलं तर सांगत नाही. (हो, दाराला कान लावते.)

चिमणीघर: सगळ्याच लावतात गं.

नुसतीच मावशी: 'खरं-खोटं शिकवा' असं सांगितलं होतं म्हणून भाच्याला विचारलं, वाघ खरा आहे का रे? म्हणाला, "मनातला आहे. तू घाबरू नकोस." संपला तास.

रात्रपाळीवाला बाबा: हाहा. मानसशास्त्रज्ञ मार्जरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४च्या अभ्यासात ६५ टक्के मुलांना सात वर्षांपर्यंत कधी ना कधी असा सोबती होता. ऑटिस्टिक मुलांत कमी आढळतात, पण आढळतात. टकनगरचं पुढे काय झालं?

धागाकर्ती: बस गेल्या, मेट्रो आली. कपडे वाळत घालून येते, मग लिहिते.

घाईत आई: विषयांतर, पण स्पीच थेरपीच्या ऑनलाइन तासाला कोणाचं मूल बसतं? आमचा पंख्याशी बोलतो.

चिमणीघर: आमच्याकडे टॅबला ताप आलाय. चादर घालून झोपवलंय.

घाईत आई: काकूंनी?

चिमणीघर: अजून कोण!