सेट की सुटे पाने? आयटीआयच्या पोरांना ट्रॉली विकायला निघालेल्यांना उत्तर

अंबडकर
परवा इथे एका गृहस्थांनी आयटीआयला मोटर मेकॅनिकला नंबर लागलेल्या पोरांना सल्ला दिलाय. पहिल्याच महिन्यात हप्त्यावर २५-३० हजारांची सात खणांची टूल ट्रॉली (चाकांवरची हत्यारांची मोठी पेटी) घ्या म्हणे. ज्याची हत्यारं स्वतःची नाहीत तो जन्मभर हेल्पर. खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. वाचून डोकं उठलं, म्हणून लांबण लावतोय.

ही ट्रॉलीची हवा परदेशी व्हिडिओंवरून आलीय. अमेरिकेत मेकॅनिक स्वतःची पेटी घेऊन कामावर येतो, कारण तिथे हातातली हत्यारं बहुतेक ठिकाणी त्याची त्यानेच आणायची असतात. आपल्याकडे पेटी मालकाची. आयटीआयच्या वर्कशॉपात हत्यारं असतात, अॅप्रेंटिसला कंपनीत लागलात तर तिथेही मिळतात. नाशकात सातपूरला एका खोलीत तिघं-चौघं भाड्याने राहणारी पोरं ही ट्रॉली उभी कुठे करणार, मोरीत?

घ्यायचंच तर सुटं घ्या. कॉम्बिनेशन पाने ८ ते १९, त्यातले १०, १२, १४ आणि १७ चांगल्यातले. मारुती-ह्युंदाईचं बरंचसं काम तेवढ्यातच उरकतं. अर्धा इंची रॅचेट (सॉकेट फिरवायचा दांडा) आणि सॉकेट सहा कोनीच. बारा कोनी पटकन बसतो खरा, पण गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. नोज प्लायर, एलन की, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या). आणि एक बरा मल्टीमीटर, कारण बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमाच्या) गाडीत पान्याच्या आधी मीटर हातात घ्यावा लागतो. टापरियाचा कारखाना आपल्या सातपूरला त्र्यंबक रोडवर असताना पोरं भलत्याच नावाचे सेट ऑनलाइन मागवतात, हे दुखणं वेगळंच.

ट्रॉलीवाला
ते गृहस्थ मीच. सरळ नाव घ्यायचं होतं.

२५ हजार ऐकून तुम्हाला भोवळ आली, पण हीच पोरं हप्त्यावर मोबाईल घेतात तेव्हा कोणी धागा काढत नाही. सुटे पाने एकेक करून घेत बसलात तर बेरीज सेटच्या वर जाते, कुठल्याही दुकानात विचारा. शिवाय खणातल्या फोममध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली. एक सॉकेट कमी पडला की रिकामा खड्डा दिसतो. बॉनेटखाली विसरलेला पाना संध्याकाळीच सापडतो, गिऱ्हाईक घोटीला पोचल्यावर नाही.

मी द्वारकेजवळ एका गॅरेजात हेल्पर होतो. पाना मागितला की उस्ताद आधी शिवी द्यायचा, मग पाना. तुम्हाला चालत असेल ते. मला नाही चाललं.

नाशिकरोडची आई
दोघांनाही नमस्कार. आमच्या चिरंजीवांनी कोणालाही न विचारता ती ४६ पीसवाली डबी मागवली. पाव इंची रॅचेट. त्याने स्कूटीच्या सायलेन्सरचा गंजलेला नट सोडवायला गेले, आतले दातच गेले. आता ती मिक्सरचे स्क्रू काढायला आहे. ह्यांचं काम कंत्राटी, त्यामुळे ट्रॉलीचा विषयच नको. हजार-दीड हजारात आधी काय घ्यावं तेवढं सांगा, भांडण मग करा.

अंबडकर
ताई, चार पाने (१०, १२, १४, १७), एक नोज प्लायर, एक चपटा आणि एक स्टार स्क्रू ड्रायव्हर. रॅचेट दिवाळीला. दुकानात जाऊन हातात धरून घ्या. क्रोम व्हॅनेडियम असं छापलेलं असतं त्याला भुलू नका, ते कोणीही छापतं. दुकानदाराकडून एक नवा बोल्ट मागा, पान्याचं तोंड त्यावर लावा आणि डुगडुगतं का बघा. मध्येच कोणी टॉर्क रेंच (लावलेल्या आकड्याइतका जोर झाला की टिक वाजवणारा पाना) घ्या म्हणेल, ते सध्या सोडून द्या.

न्यूटनमीटर
सोडून द्या? याच एका वाक्याने निम्म्या शहरातल्या गाड्यांचे आटे गेलेत. इंजिनच्या अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये स्पार्क प्लग अंदाजाने करकचून आवळायचा, मग पुढच्या वेळी तो हेडचे आटे घेऊनच बाहेर येतो. माझ्या गाडीचं हेच झालं. हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) टाकावी लागली, आणि वर गॅरेजवाला मलाच सांगतो, "कंपनीचं मटेरियलच हलकं आहे साहेब." १४ मिमी आट्याच्या प्लगला २५ न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, हल्लीच्या बारीक प्लगला त्याच्या निम्म्याने. हा फरक मनगटाला कसा कळणार?

भद्रकालीचा तात्या
कळतो साहेब, मनगट असलं तर. नव्या वॉशरचा प्लग आधी हाताने पुरता बसवायचा, वर अर्धा फेरा. वॉशर जुना असेल तर नखाएवढाच. हे मी पोराला एका दुपारी शिकवतो. तुमचा तो रेंच, आट्याला तेल लागलं की खोटं बोलतो. आकडा तोच दाखवतो आणि बोल्ट जास्त ताणला जातो. हेडच्या बोल्टला तर कंपनीच सांगते, आधी टॉर्क, मग अंश मोजून फिरवा. म्हणजे कंपनीचाच रेंचवर पुरता भरवसा नाही!

न्यूटनमीटर
त्या अंशांच्या आधीचा टॉर्क कशाने देता तात्या? फुंकर मारून? आणि असे ताणून बसवायचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. तुमच्याकडे नवे घालतात की डिझेलने धुऊन तेच?

भद्रकालीचा तात्या
गिऱ्हाईक पैसे देतं तेव्हा नवे घालतो. तुमच्यासारखं गिऱ्हाईक आधी "तात्या, जुनेच चालतील ना" विचारतं आणि मग इथे येऊन शहाणपणा शिकवतं. हाताला ऑइल लागलंय का कधी?

मॅसीवाला, पिंपळगाव
तुमचं टॉर्क-बिर्क चालू द्या. आमच्या जुन्या मॅसी ट्रॅक्टरला इंची पाने लागतात, ते कोणी बोलतच नाही. आयटीआयचं पोरगं आलं मिमीचा चकचकीत सेट घेऊन. बोल्ट ९/१६चा. १४ जाईना, १५ सैल. त्याने १५च रेटला आणि डोकं गोल करून ठेवलं. शेवटी गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात जुने इंची पाने वजनावर मिळाले, तेच वापरतोय. आणि पाऊस उघडल्यावर द्राक्षावर डावणी (बुरशीचा रोग) यायच्या आत फवारणी करायची असते, नेमका तेव्हा फवारणीचा ब्लोअर बंद पडला की एक मेकॅनिक फोन उचलत नाही. त्याच्यावर काढा ना भो धागा.

न्यूटनमीटर
तात्या, ऑइल लागलंय. कसाऱ्याच्या घाटात, रात्री, पावसात. आदल्या दिवशी टायरवाल्याने हवेच्या गनने चाकाचे नट आवळले होते. जॅक लावायच्या आधी नट ढिले करायला पान्यावर उभा राहून नाचलो, एक नट हलला नाही. क्रेन बोलवावी लागली. तुमचं मनगट तिथे काय कामाचं?

भद्रकालीचा तात्या
गनने शेवटपर्यंत आवळणाऱ्याला मीही शिव्या घालतो. तेवढं बरोबर बोललात, चुकून का होईना. पण तो गनचा दोष, हाताचा नाही.

ट्रॉलीवाला
गनवरून आठवलं, गनला चकचकीत क्रोमचे सॉकेट लावू नका रे. तडकले तर तुकडा डोळ्यात. गनला काळे इम्पॅक्ट सॉकेट वेगळे घ्यावे लागतात. बघा, वाढली का नाही यादी? म्हणून म्हणतो ट्रॉली.

प्रथम वर्ष
मी त्याच ट्रेडला आहे. सुट्टीत पाहुण्यांच्या गॅरेजात जातो, तिथे टू-व्हीलरच जास्त येतात, टी पाने सोडून काही लागत नाही. जवळ ४ हजार आहेत. त्यात टॉर्क रेंच बसवायचा का? इथे कोण बरोबर तेच कळत नाहीये.

अंबडकर
बघा, टी पाने! माझ्या यादीत नव्हते, पण मुद्दा माझाच. ज्या गाड्या समोर येतात त्यांचंच घ्यायचं. याने ट्रॉली घेतली असती तर सात खणांतला दीड खण उघडला असता.

ट्रॉलीवाला
बरं बाबा. पहिल्या वर्षी नको ट्रॉली, झालं समाधान? अंबडकरांनी आता सातपूरच्या सर्कलवर सत्कार करून घ्यावा. दुसऱ्या वर्षी हाच पोरगा मला मेसेज करेल, तेव्हा बोलू.

न्यूटनमीटर
प्रथम वर्ष, ४ हजारांत आधी पाने आणि मीटर घे, हे मी नाइलाजाने लिहितोय. पण त्यानंतरची पहिली खरेदी रेंचच. आणि त्याने आवळायचं फक्त. अडकलेला नट सोडवायला वापरलास तर भंगारात गेला समज.

भद्रकालीचा तात्या
आणि काम झालं की सेटिंग खाली उतरवून ठेव. आमच्या पोराने शंभरावर ठेवून दिला होता, पावसाळाभर तसाच पेटीत. आता त्याची टिक कधी वाजते, कधी नाही.

नाशिकरोडची आई
थांबा, म्हणजे तात्या, तुमच्या गॅरेजात टॉर्क रेंच आहे?

भद्रकालीचा तात्या
आहे ताई. गिऱ्हाईक इंजिनिअर असलं की बाहेर काढतो.