बूस्टर क्लब विद्यापीठाच्या हिशेबात हवा की बाहेर?

समासातला_शेरा
अमेरिकेत कॉलेजच्या संघांमागे त्यांच्यासाठी पैसा जमवणारे चाहत्यांचे बूस्टर क्लब असतात. बरेचसे विद्यापीठाबाहेर नोंदवलेले, खातं वेगळं, कमिटी वेगळी. माझं मत साफ आहे: हा पैसा क्रीडा विभागाच्या खात्यातूनच फिरावा. बूस्टरने, म्हणजे अशा देणगीदार चाहत्याने, खेळाडूला गुपचूप पैसे दिले की कॉलेजच्या खेळांवर देखरेख ठेवणारी संस्था एनसीएए विद्यापीठाला धरते. डलासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात एका बूस्टरच्या पैशातून 13 फुटबॉलपटूंना मिळून सुमारे 61,000 डॉलर गेले, कुणाला महिन्याला 50, कुणाला 725. त्यापायी 1987 चा अख्खा हंगाम रद्द झाला. दंड एकाला आणि तिजोरीची चावी दुसऱ्याच्या कंबरेला, हे कसं चालेल?

खतावणी
उदाहरण उलटं पडलं हो. त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष राहिलेले बिल क्लेमेंट्स तोवर टेक्ससचे गव्हर्नर झाले होते. त्यांनीच मार्च 1987 मध्ये कबूल केलं की वाटप एकदम न थांबवता हळूहळू बंद करायचं, असं मंडळातच ठरलं होतं. म्हणजे चावी घरातच होती. आणि पाकिटातली रोकड तुमच्या कुठल्या खात्यात दिसणार?

तिसरा_बेस
लाच बाजूला ठेवा, रोजचा घोळ बघा. क्लबने बेसबॉलच्या मुलांना बॉल फेकायचं यंत्र आणि जाळीचा पिंजरा दिला. सॉफ्टबॉलच्या मुली जुन्या फाटक्या जाळीतच. शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेदभावाला मनाई करणाऱ्या टायटल नाइन कायद्याखाली 'हे देणगीतून आलं' हा बचाव चालत नाही. सोयी समान आहेत का एवढंच बघतात, पैसा कुणाचा हे नाही. मुलींसाठीचा खर्च मग विभागाला स्वतःच्या बजेटमधून काढावा लागतो, तोही हंगामाच्या मध्यात. म्हणून क्लब आतच हवा.

खतावणी
त्याला विलीनीकरण कशाला? दोन पानी करार पुरे. वस्तू घेण्याआधी विभागाची लेखी मंजुरी. चेक विद्यापीठाच्या फाउंडेशनच्या नावे, कोचच्या नावे कधीही नाही. देणगी एका संघापुरती बांधलेली असेल तर ती नाकारायचा हक्क विभागाकडे. कोच परस्पर क्लबकडे यादी पाठवतो तिथं गाडी घसरते, कारण मंजुरी देणाऱ्याला यंत्र मैदानावर आल्यावरच कळतं.

पाटी_कोरी
छोट्या क्लबांचं दुखणं याहून साधं आहे. वर्षाची जमा साधारण 50,000 डॉलरच्या आत असेल तर करखात्याला फक्त 990-एन नावाचं ई-पोस्टकार्ड भरायचं असतं, पाच मिनिटांचं काम. पण कमिटी दरवर्षी बदलते, पासवर्ड जुन्या खजिनदाराकडे राहतो. सलग तीन वर्षं चुकलं की करमुक्त दर्जा आपोआप रद्द. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि मधल्या काळातल्या देणग्यांच्या पावत्यांचं काय, हा प्रश्न वेगळाच. शिवाय विद्यापीठाचा लोगो परवान्याशिवाय टी-शर्टवर छापून विकायचा उद्योग असतोच.

समासातला_शेरा
म्हणजे बाहेरच्यांना हिशेब जमत नाही, हेच सांगताय ना?

पाटी_कोरी
जमत नाही असं नाही. खजिनदाराची मुदत दोन वर्षांची ठेवा, खात्यावर दोन सह्या ठेवा.

खतावणी
आता मोठ्या पैशाकडे या. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरू दिल्याचे पैसे घेता येतात. त्यासाठी चाहत्यांनी 'कलेक्टिव्ह', म्हणजे खेळाडूंना द्यायला पैसा जमवणारे गट, काढले, बरेचसे धर्मादाय म्हणून. 2023 मध्ये करखात्याच्या टिपणात आलं की यातले बरेच करमाफीला पात्र नाहीत, कारण फायदा मुख्यतः खेळाडूंचा. 2025-26 पासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे वाटू शकतात, त्या पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. बाहेरचा 600 डॉलरपासूनचा प्रत्येक सौदा तपासणीला जातो. तपासणाऱ्यांनी कलेक्टिव्हचे सौदे आधी सरसकट अडवले, मग जुलै 2025 संपायच्या आत तो पवित्रा बदलावा लागला.

तिसरा_बेस
तपासणी आली ना शेवटी? मग बाहेर राहून मिळवलं काय?

खतावणी
कोच बदलायची मागणी करायची मोकळीक. विभागाच्या पगारी माणसाने चालवलेला क्लब तसं पत्रक काढेल का, सांगा.