मदत हवी आहे: वय ५७, बोटं आखडलेली, आणि हातचलाखी शिकायची आहे

नमस्कार मंडळी,

जादूच्या प्रयोगांचं वेड लहानपणापासूनचं, शिकायचं मात्र राहून गेलं. आता वेळ हाताशी आहे आणि घरात हक्काचे दोन प्रेक्षकही आहेत: नात ११ वर्षांची, नातू ६ वर्षांचा. म्हणून व्हिडिओ पाहून सुरुवात केली.

पत्ते साधे पिसता येतात, म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात थोडी थोडी पानं सोडत. पण कॅटचे दोन भाग करून अंगठ्यांनी फर्रकन एकमेकांत मिसळतात ना, ते रिफल शफल काही केल्या जमत नाही. पानं उडतात आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. नाण्याचं फ्रेंच ड्रॉप, म्हणजे नाणं डाव्या हातातून उजव्यात घेतल्याचं भासवून डाव्यातच ठेवायचं, ते बसलंय. आरशासमोर इतकं छान होतं की माझं मलाच खरं वाटतं. आणि नातवासमोर केलं की तो सरळ डाव्या हाताकडे बोट दाखवतो, "त्यात आहे." नात काही बोलत नाही, गालातल्या गालात हसते. ते जास्त लागतं!

तर या वयात बोटं वळतात का, की मी उगाच हट्ट धरून बसलेय? प्रत्येक व्हिडिओत वेगळं सांगतात, तेव्हा पुस्तक धरावं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आरशात मला जे दिसत नाही ते सहा वर्षांच्या पोराला कसं दिसतं?

"सराव करत राहा" एवढंच कृपया सांगू नका, तो चालूच आहे.

प्रतिसाद १

ताई, सुरुवातच अवघड प्रेक्षकांपासून केलीत. मोठी माणसं तुम्ही बघाल तिकडे बघतात, निदान तेवढी सभ्यता पाळतात. पोरं नाण्यावरची नजर हलवत नाहीत. शेजारपाजारच्या मोठ्यांना आधी दाखवा, आत्मविश्वास येईल.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षं हौशी प्रयोग करतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

आरसा फक्त समोरून बघतो. फ्रेंच ड्रॉपमध्ये नाणं डाव्या हाताच्या ओंजळीत पडतं आणि समोरच्याला ते बोटांमुळे दिसत नाही. वरून किंवा बाजूने बघणाऱ्याला ओंजळ उघडी असते. आता तुम्ही खुर्चीत बसलेल्या आणि नातू तुमच्या खांद्याला टेकून उभा, असं होतं का? बहुतेक तसंच असणार, पोरं समोर बसतच नाहीत. पाठ भिंतीला लावा आणि मुलांना समोर खाली बसवा. बाजूने काय दिसतं ते बघायला फोन खांद्याच्या उंचीवर ठेवून चित्रीकरण करा. त्यात आणखी एक गोष्ट सापडेल. आरशासमोर सराव करणारे बरेच जण नेमक्या चोरट्या क्षणी डोळे मिटतात. स्वतःला ते कळत नाही, कारण त्या वेळी डोळेच मिटलेले असतात. फोनमध्ये मात्र लगेच दिसतं.

आता त्या क्रियेबद्दल. आधी खोटं करूच नका. नाणं डाव्या हातातून उजव्या हातात खरोखर घ्या, पुन्हा पुन्हा घ्या आणि स्वतःकडे बघा. उजवी मूठ किती सैल मिटते? डावा हात रिकामा झाल्यावर कसा खाली येतो? आणि नजर कुठे जाते? नाण्याबरोबरच जाते. मग नाणं न घेता हुबेहूब तसंच करा. नवशिक्याची उजवी मूठ दगडासारखी घट्ट असते आणि डावा हात हवेत ताठ राहतो, जणू त्याला अटक झालीय. पोराला नाणं दिसलं नसेल तरी तो ताठ हात दिसतो, आणि तेवढं त्याला पुरतं.

याहून मोठा प्रश्न असा की तुम्ही नाणं दुसऱ्या हातात घेताच कशाला? बघणाऱ्याच्या मनात हा प्रश्न उठला की खेळ संपला. म्हणून कारण द्या. डाव्या बाजूला एक पेन ठेवा, ती तुमची जादूची कांडी. नाणं "उजव्या" हातात घेतलं, कारण डाव्या हाताने पेन उचलायचं होतं. पेन धरलेल्या हाताची बोटं आपोआप मिटलेली राहतात, त्यामुळे आत काही असेल अशी शंका येत नाही. जुने जादूगार कांडी उगाच बाळगत नव्हते. आणि मूठ लगेच उघडू नका. पेन फिरवा, दोन वाक्यं बोला, फुंकर त्यालाच मारायला लावा. मध्ये वेळ गेला की नाणं नेमकं कधी हललं हे त्याला आठवत नाही.

प्रतिसाद ३

वयाचं मनावर घेऊ नका. पत्त्यांचे नामवंत जादूगार डाय व्हर्नन १८९४ ते १९९२ असे ९८ वर्षं जगले. उतारवयात लॉस एंजेलिसच्या मॅजिक कॅसल या जादूगारांच्या क्लबमध्ये बसून ते तरुण जादूगारांना शिकवत असत. अर्थात त्यांची सुरुवात बालपणीच झाली होती, तेव्हा तुलना तिथे संपते. तुम्हाला खरं जवळचं उदाहरण अर्जेंटिनाचे जादूगार रेने लावाँ (१९२८–२०१५) यांचं. नवव्या वर्षी अपघातात उजवा हात गेला. पुढे आयुष्यभर एकट्या डाव्या हाताने पत्त्यांचे प्रयोग केले, आणि तेही मुद्दाम सावकाश. त्यांचे व्हिडिओ बघितलेत तर चपळाईबद्दलची धास्तीच निघून जाईल.

रिफल शफल सोडून द्या. खरंच सांगते. पाहुण्यांवर छाप पाडायला ते बरं, पण तुम्हाला येतं त्या साध्या पिसण्यात एखादं पान वर ठेवणं, तळाशी नेणं, हवं तिथे आणणं हे सगळं करता येतं. ह्युगार्ड आणि ब्राउए यांचं १९४८ चं 'द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक' सुरूच होतं ते या साध्या पिसण्यापासून. पुस्तकच धरा असं माझं मत. व्हिडिओत पाहून शिकलं की त्या माणसाच्या लकबी आणि बोलणंही नकळत उचललं जातं. पुस्तकात बोलणं तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं. पत्त्यांखेरीज दोरी, नाणी, पेले असं सगळं थोडं थोडं हवं असेल तर मार्क विल्सन यांचं जाडजूड पुस्तक बघा, त्यात प्रत्येक पायरीची चित्रं आहेत.

पत्ते कुठले वापरता? नेहमीची पोकर मापाची पानं साधारण ६३ मिमी रुंद असतात, ब्रिज मापाची ५७ मिमी. लहान हातांना तेवढ्यानेही फरक पडतो. गुळगुळीत प्लास्टिकची पानं टाळा, ती निसटतात. एका बैठकीत थोडाच वेळ सराव करा. अंगठ्याचं दुखणं टिकून राहिलं तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद ४

हात थरथरत असतील तर २१ पानांचा खेळ करा की! समोरच्याने एक पान मनात धरायचं. सात-सातचे तीन ढीग, तो सांगेल तो त्याचं पान असलेला ढीग दर वेळी मध्ये, असं तीनदा. पान आपोआप अकरावं येतं.

प्रतिसाद २ देणाराच पुन्हा

येतं खरं, पण दुसऱ्यांदा वाटायला लागलात की समोरचा जांभई देतो. पानं मांडण्यातच सगळा वेळ जातो आणि हे काहीतरी गणित आहे हे शाळकरी पोरालाही कळतं.

त्यापेक्षा खुणेचं पान वापरा. हे सगळ्याच प्राथमिक पुस्तकांत आहे म्हणून इथे लिहितो, गुपित फोडल्याचा आरोप नको. कॅट सारखा करताना तळाचं पान हळूच बघून ठेवा, समजा चौकटचा गुलाम. नातीला कुठलंही पान घेऊ द्या, बघून कॅटवर ठेवू द्या आणि कॅट कापू द्या. चौकटचा गुलाम आता बरोबर तिच्या पानावर येऊन बसला. पुन्हा कितीही वेळा कापलं तरी ती जोडी सुटत नाही. नेमकं दोघांच्या मधूनच कापलं गेलं तर एक तळाशी आणि दुसरं वर जाईल, आणखी एकदा कापलं की पुन्हा एकत्र. फक्त पिसायला देऊ नका.

आता वरून एकेक पान चित्र वर करून टेबलावर मांडत जा. गुलाम आला, पुढचं पान तिचं. तिथे थांबू नका! आणखी चार-पाच पानं मांडा. तिला वाटेल तुम्ही चुकलात, चेहऱ्यावर ते दिसेलच. मग म्हणा, "यापुढे मी जे पान पालथं घालीन ते तुझं." ती हातातल्या कॅटकडे बघत असणार. तुम्ही हात टेबलाकडे न्या आणि तिचं मांडलेलं पान पालथं घाला. यात एकही क्रिया चोरायची नाही. हात थरथरले तरी चालतात, उलट तुम्ही अडचणीत आहात असं वाटून रंगत वाढते.

मूळ लेखिका

तुम्हा सगळ्यांचे आभार. खांद्याला टेकून उभा राहण्याचं अगदी खरं निघालं, तो तिथेच असतो. फोन बाजूला लावून बघितला आणि ओंजळीतलं नाणं स्वच्छ दिसलं. डोळे मिटण्याबद्दल लिहिणार नाही 😄

अजून एकच विचारते. "पुन्हा दाखव" म्हणाले की काय करायचं? आणि धाकटा पानं हिसकावतो.

प्रतिसाद ३ देणारीच पुन्हा

तोच प्रयोग त्याच प्रेक्षकांना लगेच दाखवायचा नाही. पहिल्यांदा शेवट ठाऊक नसतो. दुसऱ्यांदा ठाऊक असतो, मग ते हातांकडेच बघत बसतात. नकार देऊ नका, "त्यापेक्षा हे बघ" म्हणून दुसरा सुरू करा. म्हणजे तीन प्रयोग पक्के हवेत, तीसही नकोत आणि एकही पुरत नाही. शेवटचा असा निवडा की जो संपल्यावर सगळ्या वस्तू निर्धोक असतील. खुणेच्या पानाचा तसा आहे, कॅटमध्ये काहीच लपवलेलं नाही, खुशाल हिसकावू दे. फ्रेंच ड्रॉप मात्र मधे घ्या, आणि पेन खाली ठेवता ठेवता नाणं मांडीवर सोडून द्या. मग दोन्ही हात तपासले तरी काही सापडायचं नाही.